अंगावर कर्ज असताना दशमांश द्यायचा का?

माळरान | रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांना सलाम.

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. आज आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण होता. घरी येताना बायकोने मला एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून इथे आलो.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, आजोबांच्या काळापासूनची. सणाला लोक बाजरी, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन येतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. मी दरवर्षी बोली लावतो. या वेळी एक लाल भोपळा २,१०० रुपयांना घेतला. टाळ्या झाल्या. गाडीवर मागे बसलेली ती भोपळा मांडीवर धरून म्हणाली, "हे पैसे कुणाचे होते?"

हिशेब सगळा मांडतो, लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही. एमआयडीसीत नोकरी आहे, हातात ३१,००० येतात. घरात आम्ही दोघं, एक मुलगा, आई-वडील. पतसंस्थेचं कर्ज २,४०,००० बाकी आहे, दर १४ टक्के, हप्ता ८,२००. गावातल्या एका सावकाराकडे बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून ५०,००० घेतले, महिन्याला ३ टक्के. गेले २२ महिने नुसतं व्याज भरतोय, १,५०० रुपये. शिवाय कंपनीतल्या एका सहकाऱ्याचे ४०,००० हातउसने आहेत. दोन वर्षं होत आली, त्याने एकदाही मागितले नाहीत.

कर्ज उधळपट्टीचं नाही. वडील प्राथमिक शिक्षक होते. जवळच्या मित्राला जामीन राहिले, मित्राने हप्ते थांबवले आणि वसुली वडिलांकडून झाली. बहिणीच्या लग्नासाठी साठवलेलं त्यात गेलं, मग लग्न कर्ज काढून केलं.

दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, मात्र मी चुकवलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ३,१०० पाकिटात घालतो. आज उपदेशही बायबलमधल्या मलाखी ३ वरच होता, दशमांश न देणं म्हणजे देवाला ठकवणं. आणि घरी येऊन शास्त्र उघडलं तर रोमकरांस १३:८, "एकमेकांवर प्रीती करणे, ह्याशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका." दोन्ही वचनं माझ्यावरच येतात. आधी कुठलं पाळू?

---

दवणा | रविवार, रात्री ११:२०

माळरानभाऊ, मी निवृत्त शिक्षिका आहे, तुमच्या वडिलांच्याच पेशातली. उत्तर सवडीने लिहीन. आधी एक सांगा. तुमच्या पाळकसाहेबांना हे आकडे ठाऊक आहेत का? की मंडळीत सगळ्यांना तुम्ही फक्त २,१०० चा भोपळा घेणारे म्हणून माहीत आहात?

---

आईची_टोपली | सोमवार, सकाळी ७:०५

दादा, मी थोडं वेगळं सांगणार आहे, रागावू नका.

माझी आई डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायची. संध्याकाळी पैसे मोजायला बसली की पहिला दहावा भाग एका पितळी डब्यात जायचा. त्यानंतर किराणा, त्यानंतर आमच्या वह्या. आमच्यावरही वाण्याची उधारी असायची. तरी तो डबा कधी उघडला गेला नाही आणि आम्ही पाच भावंडं कधी उपाशी झोपलो नाही. प्रथमफळ देवाचं, उरलेलं आपलं, ही शिस्त तिने आम्हाला लावली. आज आम्ही पाचही जण आपापल्या पायावर उभे आहोत आणि ते त्या डब्यामुळे, असं मी मनापासून मानते.

दशमांश एकदा थांबवला की परत सुरू होत नाही, हेही बघितलंय. आधी कर्ज, मग घर, मग मुलाचं शिक्षण. देवाची पाळी येतच नाही. शास्त्रातल्या त्या मंदिरातल्या विधवेकडे दोनच टोल्या, अगदी क्षुल्लक नाणी, होत्या, तिने त्याही टाकल्या. येशूने तिला थांबवलं नाही.

---

जमाखर्च | सोमवार, दुपारी १:४०

मी हिशेबाचं काम करतो, म्हणून आधी आकड्यांकडे बघू.

२२ महिन्यांत सावकाराला ३३,००० गेले. मुद्दल ५०,००० होतं, आजही ५०,०००च आहे. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६. याच २२ महिन्यांत दशमांश गेला ६८,२००. म्हणजे पाटल्या सोडवून १८,२०० उरले असते, व्याज वाचलं असतं ते वेगळंच.

पुढचं पाहा. १,५०० व्याज आणि ३,१०० दशमांश मिळून ४,६०० दर महिन्याला सावकाराला दिले, तर साधारण चौदाव्या महिन्यात तो विषय संपतो. पतसंस्थेचा हप्ता चालू ठेवला तर ते कर्ज तीन वर्षांत फिटेल. तिथे घाई नको. आग ३ टक्क्यांच्या घरात लागली आहे.

त्याहून सोपी वाट म्हणजे सोनंच हलवणं. बँकेचं सोनेतारण कर्ज या सावकाराच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतं. अडचण एकच, पाटल्या हातात आल्याशिवाय बँक कर्ज देणार नाही आणि ५०,००० दिल्याशिवाय सावकार पाटल्या देणार नाही. मधले दोन-चार दिवस कुणीतरी पैसे वापरू द्यायला हवेत. आणि त्या सावकाराकडे परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

जामिनाबद्दलही सांगतो. लोकांना वाटतं, जामीन म्हणजे नुसती सही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं सहसा म्हणता येत नाही. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात हेच आहे. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा स्वतःला सोडव. बाविसाव्या अध्यायात तर म्हटलंय, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण कुणी का काढून न्यावं? आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जामीनदाराला मी हे वाचून दाखवतो, तो कुठल्याही धर्माचा असो.

---

माळरान | सोमवार, रात्री ९:३०

दवणाताई, नाही. पाळकसाहेबांना काहीच माहीत नाही. पंचांपैकीही कुणाला नाही. आमच्या घराला मंडळीत मान आहे, आजोबा पंच होते. कर्ज आहे हे कुणाला कळू नये म्हणूनच मी कदाचित दरवर्षी बोली लावतो. हे लिहिताना पहिल्यांदा कळतंय.

जमाखर्च, तुमचा १८,२०० चा आकडा बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही, दुसऱ्यांदा वाचला फक्त.

आईची_टोपली, तुमच्या आईचा डबा डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणूनच सोपं वाटत नाही.

---

केळीचं_पान | मंगळवार, सकाळी ११:१५

वसईहून लिहितोय, कॅथॉलिक आहे. आमच्याकडे दहा टक्क्यांचा नियम नाही. चर्चच्या गरजा आपापल्या ऐपतीप्रमाणे भागवाव्यात, एवढीच आज्ञा आहे. त्यामुळे हा पेच आमच्याकडे वेगळ्या रूपात येतो. पण कर्जाचा पेच आमच्या गावांनी चांगलाच भोगलेला आहे.

केळी, पानवेली, भाजीपाला यांच्या वाड्या, पीक हातात येईपर्यंत पैसा नाही, म्हणजे सावकार आलाच. यावर नुसता उपदेश देऊन आमचे धर्मगुरू थांबले नाहीत. मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली सहकारी पतपेढी सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. व्यासपीठावरून 'कर्ज काढू नका' म्हणणाऱ्यानेच 'मग पैसे आणू कुठून' याचंही उत्तर दिलं.

सहकारी पतपेढीची कल्पनाही मुळात अशाच ठिकाणी रुजली. जर्मनीतले रायफायझन खेड्यांचे महापौर होते, श्रद्धाळू प्रोटेस्टंट. १८४० च्या दशकातल्या उपासमारीत शेतकरी सावकाराच्या तावडीत जाताना त्यांनी पाहिले. आधी श्रीमंतांच्या दानावर मदत चालवली, मग लक्षात आलं की गावाने एकमेकांची जबाबदारी घेतली तरच ती टिकते. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागे त्याच धर्तीच्या संस्थांचा अभ्यास होता. तुमची ती १४ टक्क्यांची पतसंस्थाही दूरच्या नात्याने याच वंशातली.

आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक अडचणीतल्या घरी जातात. कोणाच्या घरी गेले ते बाहेर बोलत नाहीत. तुमच्या मंडळीत अशी काही सोय आहे का? नसेल तर दशमांशाचा पैसा जातो कुठे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

---

पडवी | मंगळवार, रात्री १०:१०

शेवटच्या वाक्यावरून लिहावंसं वाटलं. मी पाळकाच्या घरातली आहे. माझ्या नवऱ्याचा पगार याच पाकिटांतून येतो आणि वर्षातून दोन-तीन महिने तो उशिरा येतो. तेव्हा दशमांश देऊ नका असं सहज म्हणणं मला परवडणारं नाही. तरीही म्हणते, माळरानभाऊ, सावकाराचं व्याज चालू असताना ३,१०० पाकिटात घालू नका.

मलाखी तीनचं दहावं वचन, 'सगळा दशमांश कोठारात आणा', सगळ्यांना पाठ आहे. पाचवं कुणी वाचत नाही. त्यात देव म्हणतो, मी न्याय करायला येतो तो मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांचा, विधवेला, अनाथाला आणि परक्याला नाडणाऱ्यांचा. कोठारात दशमांश आणायचा तो का, हे त्याच अध्यायात आधी सांगून झालेलं आहे. मागे अनुवाद नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेले, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता), परका, अनाथ, विधवा यांनी त्यातून पोटभर खायचं. म्हणजे दशमांश देणारी घरं असतात तशी त्यातून घेणारीही असतात. आज ज्या घरातल्या पाटल्या गहाण आहेत, ते घर घेणाऱ्यांत बसतं. ते मान्य करायला मन मोठं लागतं. आपल्याला द्यायला शिकवलंय, घ्यायला कुणी शिकवलं नाही.

दुसरं, ते ४०,०००. तुमचा सहकारी मागत नाही म्हणजे त्याला गरज नाही असं नाही. स्तोत्र ३७ मध्ये दुर्जनाची खूण काय सांगितली आहे? तो उसने घेतो आणि परत देत नाही. माझं बोलणं कडक वाटेल. पण दुसऱ्याच्या खिशातले पैसे देवाच्या पेटीत घातले तर ते दान त्या दुसऱ्याचं झालं आणि त्याला तर कुणी विचारलंच नाही. मार्क ७ मधला 'कुर्बान' आठवा. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू काय म्हणाला?

आणि लिलावाबद्दल. माझ्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी आमच्याकडची बोली बंद केली. आता ज्याला जे हवं ते तो घेतो आणि बंद पाकिटात पैसे टाकतो. पहिल्या वर्षी रक्कम कमी झाली, पंच नाराज झाले. आम्ही ते सोसलं.

---

आईची_टोपली | बुधवार, सकाळी ६:५०

पडवीताई, तुमचं कुर्बानचं म्हणणं पटलं. पण विधवेच्या टोल्यांचं काय? तिची तर उपजीविकाच त्यात गेली आणि येशूने तिची वाखाणणी केली.

---

पडवी | बुधवार, दुपारी २:००

ताई, मार्क १२ मधलं चाळिसावं वचन वाचा, विधवेच्या गोष्टीच्या अगदी आधीचं. शास्त्री विधवांची घरं गिळंकृत करतात, असं येशू म्हणतो आणि लगेच पेटीसमोर बसतो, एक विधवा आपलं सगळं टाकते. पुढच्याच अध्यायात त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं सांगतो. तिच्या श्रद्धेला तो मोठं म्हणतो, ते खरंच आहे. पण तिच्याकडे दोनच टोल्या का उरल्या, हेही त्याला दिसतंय. आणि त्या तिच्या स्वतःच्या होत्या, हे विसरू नका. उसन्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती.

तुमच्या आईचा डबा मी कमी लेखत नाही. त्यात तिच्या घामाचे पैसे होते.

---

जुनी_दप्तरं | बुधवार, रात्री ११:४५

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरांची एक हकिगत इथे सांगायलाच हवी. या माणसाने हजारो अनाथ मुलं सांभाळली, कर्ज कधी काढलं नाही, कुणापुढे हात पसरला नाही आणि पै-पैचा हिशेब दरवर्षी छापून वाटला. रोमकरांस १३:८ ते शब्दशः घ्यायचे.

अनाथालयाच्या सुरुवातीच्या काळात एका बाईने त्यांना १०० पौंड पाठवले. ती शिवणकाम करून जगणारी, तब्येतीने नाजूक, आठवड्याची कमाई काही शिलिंगांची. म्यूलर आनंदाने पैसे ठेवून घेणारे नव्हते. त्यांनी तिला बोलावून विचारलं, भावनेच्या भरात तर देत नाहीस ना, पुढे पस्तावशील. तिने सांगितलं, तिला वारशाचे ४८० पौंड मिळाले होते. बाप दारूपायी कर्ज ठेवून मेला होता. धनकोंनी पौंडामागे पाच शिलिंगांवर, म्हणजे पाव रकमेवर, तडजोड केली होती आणि कायद्याने विषय मिटला होता. तिला मात्र तो मिटला असं वाटलं नाही. वारसा हातात येताच तिने धनको शोधले आणि बापाचं उरलेलं कर्ज फेडलं. मग आईला दिलं. त्यानंतर अनाथांना.

मला त्या बाईचा क्रम महत्त्वाचा वाटतो. म्यूलरही पैसे ठेवून घेण्याआधी तिची चौकशी करतात, तेव्हा त्यांना स्वतःला पैशांची किती निकड होती हे पाहिलं म्हणजे त्यांचं थांबणं किती अवघड होतं ते कळतं.

पंडिता रमाबाईंनी म्यूलरांचं चरित्र वाचलं होतं, त्याचा ठसा त्यांच्या केडगावच्या मुक्तीवर, म्हणजे निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमावर, आहे. पण रमाबाईंचा विश्वास हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. त्यांच्या शारदा सदन शाळेला अमेरिकेतल्या मंडळाने मदतीची हमी दहाच वर्षांची दिली होती. ती संपल्यावर शाळा चालावी कशी, म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या तेव्हा त्यांना ठेवायला तीच जमीन कामाला आली.

आणि हा मुलूख कोणता? केडगाव दौंड तालुक्यात, त्याच्या शेजारचा बारामती तालुका, त्यातलं सुपे. तिथे १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चौकशी झाली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. माळरानभाऊ, तुमचे पणजोबा त्याच गावांपैकी कुठल्यातरी गावात असणार. कर्ज हा तुमच्या एकट्याच्या घराचा कलंक नाही. नगर-पुण्याच्या कोरडवाहू जमिनीला तो दीडशे वर्षं चिकटलेला आहे. लाजू नका.

---

इंद्रायणीकाठ | गुरुवार, सकाळी ८:३०

मी वारकरी घरातला, धागा पहिल्यापासून वाचतोय. तुमच्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली आणि भावाच्या वाट्याची भावाला दिली, असं आमच्याकडे सांगतात. स्वतःचं सोडलं, दुसऱ्याचं बुडवलं नाही. पडवीताई म्हणतात ते याहून वेगळं वाटत नाही. लवकर मोकळे व्हा.

---

दवणा | गुरुवार, रात्री ९:५५

उशीर झाला, पण मला दोन शब्दांबद्दल लिहायचं होतं.

पहिला शब्द कारभारी. आपल्या शास्त्रात दासाला धन्याचा कारभारी म्हटलंय आणि करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो, कारभारी विश्वासू असला पाहिजे. आमच्या गावाकडे बायका नवऱ्याला आजही 'कारभारी' म्हणतात. घर चालवतो तो कारभारी. मालक निराळा. माळरानभाऊ, तुमच्या ३१,००० चे तुम्ही कारभारी आहात, सगळ्या ३१,००० चे. देवाचा भाग ३,१०० आणि बाकीचं माझं, अशी वाटणी त्यात नाही. सहकाऱ्याला परत केलेले पैसे, मुलाचं दूध, वडिलांची औषधं, हाही त्याच धन्याचा कारभार. मग दशमांश काही महिने दुसऱ्या वाटेने गेला तर धन्याला ठकवलं असं होत नाही. पाटल्या सावकाराकडे कुजत पडल्या आणि वर २,१०० चा भोपळा घेतला, यात कारभार चुकला. हे मी बहिणीच्या नात्याने बोलते आहे.

दुसरा शब्द ऋण. मत्तयातली प्रभूची प्रार्थना आपण कशी म्हणतो? "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." पाप नाही, अपराध नाही, ऋण. मी ही प्रार्थना सत्तर वर्षं म्हणते आहे आणि त्यातला पैसा मला फार उशिरा ऐकू आला. तुमच्या वडिलांचा तो मित्र आहे अजून? तुमच्या वडिलांना ही ओळ म्हणताना काय होत असेल, याचा मी दोन दिवस विचार करते आहे.

---

माळरान | शुक्रवार, पहाटे ५:२०

दवणाताई, काल रात्री वडिलांना विचारलं. आम्ही या विषयावर नऊ वर्षांत बोललो नव्हतो.

मित्र वारला, तीन वर्षं झाली. वडील म्हणाले, "मी त्या ओळीला गप्प राहतो. सगळे म्हणतात, मी ओठ हलवतो. खोटं कसं म्हणू?" मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसून ती प्रार्थना म्हटली आणि मला कधी कळलं नाही.

मग म्हणाले, त्यांना पैशाचं दुःख कधीच नव्हतं. मित्र तोंड चुकवायला लागला, रस्त्यात दिसला की गल्लीत वळायचा, त्याचं होतं. "त्याला कळायला हवं होतं, मी मागणार नव्हतो."

मी सहकाऱ्याला गेले सहा महिने कॅन्टीनमध्ये टाळतोय. एवढंच लिहितो आत्ता, कामावर जायचंय.

---

जमाखर्च | शुक्रवार, सकाळी ९:००

आज त्याच्याच टेबलावर जेवा. पैसे नंतर.

---

माळरान | सहा आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:४०

सगळ्यांना पुन्हा सलाम. काय काय झालं ते सांगणं माझ्याकडे लागतं.

त्या शुक्रवारी सहकाऱ्याच्या टेबलावर बसलो. माझ्या पगारातून दरमहा २,००० देईन म्हणालो, कागदावर लिहून दिलं. त्याने कागद घेतला. त्याच्या मुलीला पुढच्या वर्षी कॉलेजला घालायचंय आणि पैसे कसे मागावेत हे त्याला सुचत नव्हतं, हे तेव्हा कळलं. पडवीताई, तुमचं बोलणं कडक नव्हतं, बरोबर होतं.

पाळकसाहेबांकडे दोघं गेलो. आकड्यांचा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मी मलाखीवर बोलत होतो तेव्हा तुम्ही तिसऱ्या बाकावर होता ना?" त्यांच्या आवाजात दोष नव्हता, त्यांना वाईट वाटलं होतं. दशमांश थांबवा, असं त्यांनीच सांगितलं. पंचांपुढे नाव न घेता विषय मांडू का, असं विचारलं. मी म्हणालो, नाव घ्या. आजोबा पंच होते, त्यांच्याच खोलीत लपून काय करायचं.

मंडळीच्या खात्यातून पैसे द्यायला नियम नव्हता. मग चार घरांनी मिळून ५०,००० दिले, बिनव्याजी, आठ दिवसांसाठी. त्यातल्या एक आजी पेन्शनवर राहतात. त्यांनी निर्गम २२ मधलं वचन काढून दाखवलं, गरिबाला उसनं दिलंस तर त्याच्यावर व्याज आकारू नकोस, आणि म्हणाल्या, हे मी लहानपणी पाठ केलं होतं, वापरायला आज मिळालं.

सावकाराकडे वडील माझ्याबरोबर आले. पाटल्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी बँकेत सोनेतारण झालं, चारही घरांचे पैसे सहाव्या दिवशी पोचवले. आता व्याज जमाखर्च म्हणाले तसं निम्म्याहून कमी आहे. दशमांशाचे ३,१०० आणि सावकाराचे १,५०० मिळून ४,६०० होतात. त्यातले २,००० सहकाऱ्याला, बाकीचे सोनेतारणाला. पतसंस्थेचा हप्ता आहे तसाच.

पंचांच्या बैठकीत पुढच्या हंगामाच्या सणाला बोली ठेवायची की पाकीट, यावर वाद झाला, अजून ठरलं नाही. पण लिलावाच्या पैशातला काही भाग अडलेल्या घरांना बिनव्याजी द्यायला बाजूला ठेवावा, हे लिहून घेतलंय. वसईचं उदाहरण मी सांगितलं, केळीचं_पान यांचे आभार.

आईची_टोपली, हे तुमच्यासाठी. दशमांश थांबला की परत सुरू होत नाही, हे तुमचं वाक्य बायकोने धरून ठेवलं. मिझोरामच्या मंडळ्यांत बायका स्वयंपाक करताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो मंडळीला देतात, १९१० पासून, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. ती भाकरी करायला बसली की आधी मूठभर ज्वारीचं पीठ बाजूच्या डब्यात टाकते. ते मंडळीतल्या एका एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घरी जातं. आज तिसऱ्यांदा डबा भरला. मुलगा घेऊन गेला होता, रिकामा डबा परत आणताना त्यात त्यांच्या दारच्या कढीपत्त्याची डहाळी होती.

वडील आज प्रार्थनेत त्या ओळीला काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम कान देऊन बसलो नव्हतो.